उत्कुबांबाच्या खोऱ्यातला चार पिसांचा पक्षी

भारतात हमिंगबर्ड नाहीत. आपल्या अंगणात जास्वंदीवर, पांगाऱ्यावर येतो तो शिंजीर, आणि हमिंगबर्डशी त्याचं काही नातं नाही. हमिंगबर्ड फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिका खंडांत, अलास्कापासून पार दक्षिण टोकापर्यंत. त्यांच्या साडेतीनशेहून जास्त जाती आहेत. त्यातल्या एकीने माझ्या आणि ताईच्या मनात कित्येक वर्षं ठाण मांडलं होतं. तिचं नाव मार्व्हलस स्पॅच्युलटेल.

बहुतेक हमिंगबर्डच्या शेपटीत दहा पिसं असतात, याच्या नराच्या शेपटीत चारच. त्यातली बाहेरची दोन शरीरापेक्षा कितीतरी लांब. मधे नुसती बारीक दांडी, दोन्ही एकमेकींना छेदून जाणाऱ्या, आणि टोकाला जांभळट निळी गोल चकती. मादीला रिझवताना नर हवेत एका जागी थांबतो आणि या दोन चकत्या डोक्याच्या आजूबाजूला नाचवतो. युरोपातल्या संग्राहकांच्या हाती हा पक्षी १८३५ मध्ये लागला, त्यानंतर पुढची कित्येक दशकं अभ्यासकांकडे त्याचा तेवढा एकच नमुना होता. राहतो तोही जगात एकाच ठिकाणी: उत्तर पेरूमध्ये उत्कुबांबा नदीचं खोरं आणि त्याच्या लगतचे डोंगरउतार.

ऑगस्टमध्ये गेलो. तिकडे मे ते ऑक्टोबर कोरडे महिने मानतात. डोंगरात हा कोरडेपणा फार मनावर घ्यायचा नसतो, ते पुढे येईलच.

तारापोतो आणि मोयोबांबा

लिमाहून विमानाने तारापोतोला उतरलो. अंगाला चिकटणारा उकाडा, रस्ताभर तीनचाकी मोटोटॅक्सींची घरघर, आणि विमानतळाबाहेर हसऱ्या चेहऱ्याने उभा असलेला आमचा गाईड. तो पोमाकोचासच्या, म्हणजे स्पॅच्युलटेलच्या गावाच्या बाजूचाच. पुढचे सगळे दिवस गाडी, भाषा आणि पक्षी या तिन्ही गोष्टी त्यानेच सांभाळल्या.

मोयोबांबाकडे जाताना आल्तो मायोचं खोरं लागलं आणि ताई खिडकीकडे सरकली. दोन्ही बाजूंना भातखाचरं! आमचं माहेर राजापूरकडचं. एका खाचरात लावणी चाललेली आणि शेजारच्यात पिवळं झालेलं पीक उभं, हे बघून तिने गाडी थांबवायला लावली. बांधावरच्या बाईंना खुणांनी विचारलं, पाणी कुठून येतं? त्यांनी पाटाकडे बोट दाखवलं. मग दोघी बराच वेळ एकमेकींना चिखलात अंगठ्याने रोप कसं दाबायचं ते दाखवत राहिल्या. पद्धत जवळपास एकच निघाली.

मोयोबांबाच्या बाहेर वाकान्की नावाची जागा आहे. तिथे फीडर, म्हणजे पक्ष्यांसाठी ठेवलेली साखरपाण्याची भांडी, आहेतच, पण खरी मजा आहे ती निळ्याजांभळ्या तुऱ्यांच्या झुडपांच्या कुंपणात. तिथे दिसला रूफस-क्रेस्टेड कोकेट या हमिंगबर्डचा नर: डोक्यावर केशरी केसांचा ताठ तुरा, टोकांना काळे ठिपके, आणि आकार इतका लहान की आधी मी त्याला भुंगाच समजले. तो फीडरच्या गर्दीत जातच नव्हता. एकेका फुलापाशी सावकाश फिरायचा आणि एकही फूल सोडायचा नाही.

जेवणाबद्दल शाकाहारी मंडळींसाठी लिहून ठेवते. तिकडे «सोय वेहेतारियाना», म्हणजे मी शाकाहारी आहे, एवढं सांगून भागत नाही, कारण बऱ्याच ठिकाणी कोंबडी आणि मासा मांसात धरत नाहीत. «सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो» असं तिन्ही वेगवेगळं सांगायचं: मांस नको, कोंबडी नको, मासा नको. इथला प्रसिद्ध हुआने म्हणजे पानात बांधून उकडलेला भात, पण आत कोंबडी असते. ताकाचो हा कच्च्या केळ्यांचा गोळा, त्यात डुकराची चरबी घालतात. भात, घेवड्याची उसळ, तळलेलं पिकलं केळं आणि अंडं मात्र कुठेही मिळतं, आणि चांगलं मिळतं. मी सगळं खाते, त्यामुळे हुआने खाल्ला. पानाचा वास भातात उतरलेला होता. फार आवडला.

आब्रा पात्रिसिया: ढगातलं जंगल

आब्रा म्हणजे खिंड. रिओहा, नुएवा काहामार्का ही गावं मागे पडली की घाट सुरू होतो, आणि तासाभरात हवा पूर्ण बदलते. अॅमेझॉनच्या सखल भागातली दमट हवा अँडीजच्या पूर्व उतारावर चढते, गार होते आणि तिचा ढग होतो. हा ढग आकाशात नसतो, झाडांमधून चालत असतो. पाऊस पडत नसतानाही पानांवरून, शेवाळावरून पाणी गळत राहतं. फांदीचा वीतभर तुकडा उघडा दिसणार नाही: शेवाळ, नेचे, ऑर्किड, अननसाच्या कुळातली लाल कोंबांची झाडं, सगळी एकमेकांवर चढलेली.

आमचा मुक्काम खिंडीजवळच्या लॉजवर होता, साधारण २,२०० मीटर उंचीवर. हे राखीव जंगल इकोआन ही पेरूची संस्था सांभाळते. जवळच १९७६ मध्ये लाँग-व्हिस्कर्ड आउलेट हे मुठीएवढं घुबड पहिल्यांदा जाळ्यात सापडलं, आणि जंगलात मोकळं फिरताना ते दिसायला २००७ साल उजाडलं. लॉजचं नाव त्या घुबडावरूनच आहे. रात्री कंदील बंद करून आम्ही वाटेवर उभ्या राहिलो तेव्हा दरीच्या बाजूने त्याचा आवाज आला, थोड्या थोड्या वेळाने एक आखूड घोगरी हाक. गाईडने टॉर्च लावला नाही. विणीचा काळ जवळ आहे, म्हणाला, दिसलं नाही तरी चालेल. मला त्याचं फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पाऊस. आंबोलीत पावसाळे काढलेल्या आम्हा दोघींनाही तो जड गेला, कारण त्याच्या जोडीला गारठा होता. पण व्हरांड्यातले फीडर पावसातच जास्त भरतात. लाँग-टेल्ड सिल्फची ती लांब निळीहिरवी शेपटी, कॉलर्ड इंकाची पांढरीशुभ्र छाती, चेस्टनट-ब्रेस्टेड कॉरोनेट बसल्यावर क्षणभर पंख वर धरून ठेवतो ती लकब. स्वयंपाकघरातल्या बाई साखरपाणी बदलायला आल्या. चार भाग पाणी, एक भाग साखर, रंग नाही, मध नाही, आणि भांडं रोज धुवायचं. हे प्रमाण त्यांनी ताईला बोटांनी मोजून दाखवलं. रात्री इतक्या थंडीत हे जीव कसे तगतात, असं मी विचारलं. बाईंनी डोळे मिटून, मान आखडून, निपचित पडल्याचं दाखवलं. अगदी बरोबर होतं ते. हमिंगबर्ड रात्री शरीराचं तापमान खूप खाली आणतात, हृदयाचे ठोके मंदावतात, आणि तशा सुप्तावस्थेत रात्र काढतात. सकाळी पुन्हा अंग तापवून उडायला वेळ लागतो.

पाऊस थांबल्यावर रॉयल सनएंजल या हमिंगबर्डच्या शोधात निघालो. हा मोठ्या झाडांच्या जंगलात नसतो. कड्याच्या धारेवर, वाळूसारख्या निकस मातीत जिथे झाडं खुरटून जातात तिथे राहतो. इतक्या श्रीमंत जंगलाच्या मधोमध ही डोक्याइतक्याच उंचीची, करड्या पानांची झाडी बघून नवल वाटतं. त्याची शास्त्रीय नोंद १९७९ मध्ये झाली. नर नखशिखांत गडद निळा. ढग आला की काळा दिसतो, आणि ऊन पडलं की तो निळा रंग असा उजळतो की दुर्बीण खाली ठेववत नाही. तो एका काटकीवर बसला होता. उडायचा, फिरून त्याच काटकीवर यायचा. म्हणून जागा कळली की गडबड न करता उभं राहायचं.

सामानाविषयी: दुर्बीण आणि कॅमेऱ्यासाठी झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या न्याच. कपडे वाळत नाहीत, तेव्हा लोकरी मोजे जास्त घ्या. गमबूट लॉजवर मिळतात, पण बायकांच्या मापाचे कमी. रोख सोल, म्हणजे पेरूचं चलन, मोयोबांबातच काढून ठेवा. आणि पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घेऊन प्रमाणपत्र जवळ बाळगा. पेरूहून परतताना भारतात ते मागतात, आणि नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात.

पोमाकोचास आणि वेम्बो

खिंडीच्या पश्चिमेला उतरलो आणि जंगल तुटक होत गेलं. गायींची कुरणं, मक्याचे तुकडे, ओहोळांच्या कडेला उरलेली झाडी. पोमाकोचासचं तळं समोर आलं, तळ्याकाठी गाव. इथलं दूधदुभतं नावाजलेलं. रस्त्याकडेच्या टपरीत उकडलेलं मोठ्या दाण्यांचं कणीस आणि त्यावर ताज्या चीजचा जाड तुकडा मिळाला, त्याला म्हणतात चोक्लो कोन केसो. ताईने एकामागोमाग एक खाल्ली आणि टपरीवाल्या बाईंनी तिला एक कणीस फुकटच दिलं.

मला वाटत होतं की इतका दुर्मीळ पक्षी घनदाट अरण्यात, माणसापासून दूर असणार. तसं नाही. स्पॅच्युलटेलला लागतो जंगलाचा काठ: झुडपं, वेली, लाल नळीदार फुलं, साधारण २,१०० ते २,९०० मीटरच्या पट्ट्यात. म्हणजे नेमकी ती जागा, जी शेतकऱ्याला कुरणासाठी आधी साफ करावीशी वाटते. हा पक्षी गावकऱ्यांच्या बांधालाच राहतो, आणि त्याचं काय व्हायचं ते तिथेच ठरतं.

वेम्बो हे राखीव क्षेत्र पोमाकोचासहून पेद्रो रुईसकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत आहे. जमीन पोमाकोचासच्या गावसमाजाची. गावाने ती राखून ठेवायची असं इकोआनबरोबर ठरवलं, आणि उघड्या पडलेल्या उतारांवर देशी झाडं लावली. रस्त्यापासून पायवाटेने थोडं चाललं की झाडीत बाकं आणि फीडर.

तिथले राखणदार काका साठीचे असावेत. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, लहानपणी आम्ही पोरं बेचकीने या नरांना मारायचो. वाळवलेलं हृदय जवळ ठेवलं की हवी ती मुलगी वश होते, असा समज होता, त्यामुळे त्याला पैसे मिळायचे. नर तसे आधीच थोडे. हे सांगताना त्यांनी नजर चुकवली नाही. आता त्यांची नातवंडं शाळेच्या वहीत या पक्ष्याची चित्रं काढतात. एक चित्र त्यांच्या खिशात होतं, घडी घालून ठेवलेलं. त्यात शेपटीच्या चकत्या पक्ष्याच्या डोक्याहून मोठ्या होत्या.

पहिल्या सकाळी मादी आली. खाली पांढरी, घशाला चमक नाही, पण शेपटीच्या दोन पिसांना टोकाला छोट्या चकत्या. मग एक तरुण नर आला, त्याची शेपटी अजून वाढायची होती, एक पीस लांब आणि दुसरं अर्धवट. फीडरवर सत्ता होती स्पार्कलिंग व्हायोलेटइअरची. हा चांगला दांडगा पक्षी आहे, आणि दुसरं कोणी आलं की अंगावर धावून जातो. एवढ्याशा स्पॅच्युलटेलला तिथे सेकंद-दोन सेकंदांपेक्षा जास्त मिळत नाही. पूर्ण वाढलेला नर दिवसभर दिसला नाही. दुपारी धो धो पाऊस आला आणि आम्ही पोमाकोचासला परतलो. गाईड वाटेत बोलला नाही. त्यालाच जास्त लागलेलं दिसत होतं.

दुसऱ्या सकाळी सहाला बाकावर होतो. ढग खाली उतरलेले, समोरचं झाड धड दिसत नव्हतं. काकांनी थर्मासमधून कॉफी ओतली, त्यांच्या परसातली, गुळासारख्या काळ्या साखरेची. ताई त्यांना मोबाइलवर आपल्या घराच्या गॅलरीत येणाऱ्या शिंजीराचा फोटो दाखवत होती. «कोलिब्री!» म्हणजे हमिंगबर्ड, असं काका म्हणाले. ताईने मान हलवली, बोटाने फांदी दाखवली आणि बसून पितो असा अभिनय केला. काका विचारात पडले. बसून? सगळाच वेळ? मग म्हणाले, मग तो दमत नसेल.

तेवढ्यात गाईडने माझ्या कोपराला हात लावला. डाव्या बाजूला, फीडरपासून बरंच खाली, गुडघाभर उंचीच्या झुडपात काहीतरी हललं. मला आधी पक्षी दिसलाच नाही. दिसल्या त्या दोन निळ्या चकत्या, पक्ष्याच्या मागे दोन भुंगे लागावेत तशा, त्याच्यापासून सुट्या, आपल्या आपण तरंगणाऱ्या. मग पुढे ते इवलंसं अंग, डोक्यावर जांभळा निळा, घशाला हिरवट निळा रंग, पोटावर काळी रेघ. तो फीडरकडे गेलाच नाही. खाली लोंबणाऱ्या लाल फुलांच्या वेलीशी थांबला, एका फुलात चोच घातली, मागे सरकला, दुसऱ्यात घातली. मागे सरकताना त्या चकत्या पुढे यायच्या, फुलाला लागायच्या बेतात यायच्या, आणि प्रत्येक वेळी तो त्या नीट सावरून घ्यायचा. एवढं ओझं घेऊन इतक्या दाट झुडपातून एकही पीस अडकू न देता तो कसा गेला, ते मी डोळ्यांनी पाहूनही सांगू शकत नाही.

व्हायोलेटइअर खाली झेपावला आणि नर गेला. ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. काकांनी तिच्या खांद्यावर थोपटलं. मी फोटो काढला नव्हता, कॅमेरा मांडीवरच होता.

नंतर तो दोनदा फीडरवर आला. एकदा कडेच्या काटकीवर बसला, चकत्या खाली सोडून, आणि चोचीने पिसं साफ करत राहिला. तेव्हा फोटोही मिळाले.

पक्षीनिरीक्षकांत असं म्हणणारे बरेच भेटतात की फीडरवर पाहिलेला पक्षी खरा पाहिला नाही. मला हे पटत नाही. फीडर असल्यामुळे माणसं बाकावर बसून राहतात. झुडपं तुडवत, पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवत नराच्या नाचायच्या जागेपर्यंत जात नाहीत. तिकिटाचे पैसे गावात येतात. कुरण करण्याऐवजी झुडूप ठेवलं तर त्यातून काही मिळतं, हे काकांच्या मुलांना दिसतं. मी तर म्हणेन, इथे फीडरवरच पाहा, आणि बरोबर चालणारा गाईड पोमाकोचासचाच घ्या.

कोकाचिंबा

पेद्रो रुईसपासून जवळच गोक्ता धबधबा आहे, दोन टप्प्यांत ७७१ मीटर. तिथल्या कोकाचिंबा गावाला तो कायमच माहीत होता. बाहेरच्या जगाला कळला २००६ मध्ये, एका जर्मन माणसाने मोजणी जाहीर केल्यावर. कोकाचिंबाहून जाऊन-येऊन पाच-सहा तासांची चढउताराची चाल. गुडघे दुखत असतील तर गावात घोडे मिळतात, ताईने घेतला. वाटेत एका घरी चरकावर काढलेला उसाचा रस प्यायलो. तळाशी पोचेपर्यंत तुषारांनी भिजायला होतं, तेव्हा रेनकोट पिशवीत ठेवू नका. परतीच्या वाटेवर कॉक-ऑफ-द-रॉक या पक्ष्याचा भडक शेंदरी नर झाडीतून आडवा गेला.

क्वेलाप आणि लेमेबांबा

क्वेलापला २०१७ पासून केबल कार आहे. चाचापोया लोकांनी इंकांच्या आधी बांधलेला हा दगडी कोट ३,००० मीटरवर ढगात उभा आहे. भिंती काही ठिकाणी वीस मीटर उंच. २०२२ च्या पावसात भिंतीचा एक भाग कोसळला, त्यामुळे जाण्याआधी आत कुठपर्यंत सोडतात ते विचारून घ्या. आम्ही धुक्यात घाईने पाहिला.

लेमेबांबात मात्र वेळ काढला. इथल्या संग्रहालयात कोंदोर सरोवराच्या कड्यातून १९९७ मध्ये सोडवून आणलेल्या दोनशेहून जास्त ममी आहेत, कापडात शिवलेल्या, काहींच्या गाठोड्यावर धाग्याने चेहरा भरलेला. काचेपलीकडच्या खोलीत त्या फळ्यांवर बसवलेल्या आहेत. लहान मुलांच्याही आहेत. ताई तिथून लवकर बाहेर आली.

समोर रस्त्यापलीकडे एक छोटं कॉफीघर आहे, गच्चीवर फीडर, आणि तिथेही स्पॅच्युलटेल येतो. आम्हाला मादी दिसली, आणि गाजराचा केक अप्रतिम होता. चालणं जमत नसेल, घरातली वयस्कर मंडळी बरोबर असतील, तर वेम्बोपेक्षा ही जागा सोयीची.

परतीसाठी हाएन शहराचा विमानतळ जवळ पडतो. पण घाटात दरडी येतात, म्हणून विमानाच्या आदल्या रात्रीच हाएनला पोचा. आम्हाला वाटेत दोन तास थांबावं लागलं. दिवस कमी असतील तर क्वेलाप सोडून द्या, गोक्ताही सोडा, आणि वेम्बोला दोन सकाळी ठेवा. सहाला बाकावर बसा, नजर फीडरवर न ठेवता खाली झुडपात ठेवा, आणि काकांची कॉफी नाही म्हणू नका.